पारदर्शक एफआर पॉलिकार्बोनेट: कापूस पेटतो, माल धुरकट येतो, कान तुटतात, तेव्हा काय काय तपासायचं

जून संपत आला की कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या मोल्डिंगवाल्या मित्रांचे फोन सुरू होतात. प्रत्येकाचा माल वेगळा असतो. कुणाचं वीजमीटरचं पारदर्शक झाकण, कुणाचं एलईडी दिव्याचं कव्हर, कुणाची पॅनेलची खिडकी. दाणा, म्हणजे वितळवून साच्यात भरायचा कच्चा माल, मात्र एकाच जातीचा, पारदर्शक एफआर पॉलिकार्बोनेट, म्हणजे आग पकडू नये म्हणून मुद्दाम बनवलेलं पीसी. तक्रारीही त्याच त्या. सोळा वर्षं हेच काम केल्यावर आणि हीच बिघाडाची गाठ कित्येकदा सोडवल्यावर जो क्रम हाताला बसला, तो इथे लिहून ठेवतो.

लक्षणं

गेटपासून, म्हणजे साच्यात माल शिरतो त्या तोंडापासून, पंख्यासारख्या पसरलेल्या चांदीच्या रेषा. पाळीच्या सुरुवातीच्या शॉटमध्ये (साचा एकदा भरणं म्हणजे एक शॉट) जास्त, नंतर कमी.

धुरकटपणा. झाकण छापील कागदावर ठेवलं की अक्षरं दुधातून दिसावीत तशी दिसतात.

पिवळी झाक. एक झाकण बघून कळत नाही, दहा झाकणं एकावर एक रचून कडेनं बघा.

स्क्रूचे कान किंवा बॉस (स्क्रू बसायचा उंचवटा) तुटणं. कधी स्क्रू मारतानाच, कधी आठवड्यानं बॉक्समध्ये पडल्यापडल्या.

जळायच्या चाचणीत व्ही-झिरो या वरच्या दर्जाऐवजी खालचा व्ही-टू. ज्योत वेळेत विझते, पण पेटता थेंब खाली पडतो आणि तिथे ठेवलेला कापूस पेटतो.

उष्णतेत नरम पडणं. १२५ अंशांची बॉल प्रेशर चाचणी एक तास चालते, त्यात गोळीचा ठसा २ मिलिमीटरपेक्षा मोठा उमटला की माल नापास.

यातली कोणती लक्षणं जोडीनं आली ते आधी पाहा, निम्मं निदान तिथेच होतं. रेषा, तुटणारे कान आणि पेटणारा कापूस एकत्र आले तर ओल. नुसता धुरकटपणा असेल आणि ताकद चांगली असेल तर भेसळ किंवा चुकीचं रसायन. माल आरशासारखा स्वच्छ, पण आठवड्यानं तडकतो, तर साच्यातला ताण किंवा तेल. बाकी सगळं ठीक आणि फक्त उष्णतेत नरम, तर दाण्याच्या रेसिपीतच फॉस्फेट आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर चुकीच्या जागी पैसे जातील

पीसी मुळात चटकन जळणारं प्लास्टिक नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, आणि साध्या पीसीला जळत राहायला सुमारे २६ टक्के लागतो. म्हणून ते आपोआप विझतं, पण विझता विझता पेटते थेंब गाळतं. यूएल ९४ (प्लास्टिक कसं जळतं ते तपासायचं मानक) च्या उभ्या चाचणीत १२५ बाय १३ मिलिमीटरच्या पाच पट्ट्या घेतात, प्रत्येकीला दहा-दहा सेकंद दोनदा ज्योत लावतात. व्ही-झिरो हवं तर कोणतीही पट्टी एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये, पाचही पट्ट्यांची मिळून बेरीज ५० सेकंदांच्या आत हवी, आणि ३०० मिलिमीटर खाली ठेवलेला कापूस पेटता कामा नये. आपली अडचण बहुतेक वेळा या शेवटच्या अटीत असते.

अपारदर्शक मालात थेंब रोखायला पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक, टाकतात. त्याचे बारीक तंतू वितळलेल्या मालाला जाळीसारखे धरून ठेवतात. पारदर्शक मालात ते चालत नाही, कारण ते तंतू प्रकाश विखुरतात आणि माल दुधाळ होतो. मग उरतं काय? एक पोटॅशियमचं क्षार. सर्वांत जास्त वापरलं जाणारं म्हणजे पोटॅशियम परफ्लुरोब्युटेन सल्फोनेट, तेही १०० किलोला जेमतेम ६० ते १०० ग्रॅम. आग लागली की ते पीसीचं विघटन वेगानं घडवतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, वर कोळशाचा थर धरतो आणि ज्योत गुदमरते. पण थेंब धरून ठेवणं हे त्या चिमूटभर क्षाराचं काम नाही. ते काम पीसीच्या लांब रेणुसाखळ्या करतात. साखळ्या लांब असल्या तर वितळलेला माल मधासारखा घट्ट राहतो, तुकडे झाले तर पाण्यासारखा ठिबकतो.

म्हणून जळायची चाचणी नापास झाली की दाणेवाल्याला फोन करून ‘क्षार वाढवा’ म्हणू नका. आधी आपल्या शेडमध्ये साखळी कुठे तुटतेय ते शोधा. कान तुटण्याचं, रेषांचं आणि कापूस पेटण्याचं मूळ तिथे एकच असतं.

१. डेटाशीट वाचा (खर्च शून्य)

व्ही-झिरो हा दाण्याचा नव्हे, दाणा आणि जाडी या जोडीचा गुण आहे. पारदर्शक एफआर ग्रेड ३ मिलिमीटरला व्ही-झिरो आणि १.५ मिलिमीटरला व्ही-टू असणं अगदी सामान्य आहे. तुमच्या झाकणाची भिंत २ मिलिमीटर असेल आणि ग्रेडचं व्ही-झिरो ३ मिलिमीटरपासून सुरू होत असेल, तर मशीनवर काहीही केलं तरी उपयोग नाही. इथे थांबा, ग्राहकाशी आणि दाणेवाल्याशी बोला. मी स्वतः एकदा पंधरा दिवस मशीनवर घालवले आणि चूक ड्रॉइंगमध्ये निघाली.

२. वाळवण (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

माझ्या अनुभवात दहातल्या सात तक्रारी इथेच संपतात.

पीसीच्या दाण्यात मोल्डिंगच्या वेळी ०.०२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको. म्हणजे एका किलोत पाव ग्रॅमही नाही. आणि पावसाळी हवेत उघड्या पोत्यातला दाणा याच्या दहापट पाणी सहज ओढून घेतो. ते पाणी ३०० अंशांच्या बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळतो त्या नळकांड्यात, गेलं की नुसती वाफ होऊन रेषा काढत नाही, पीसीच्या साखळीतला कार्बोनेटचा सांधाच तोडतं. म्हणून ‘रेषा दिसत नाहीत, म्हणजे दाणा कोरडा आहे’ हे खरं नाही. ओल थोडी असेल तर माल दिसायला छान येतो आणि साखळी आतून तुटलेली असते. ते कळतं प्रयोगशाळेतून नापासाचा कागद आल्यावर. एफआर ग्रेडमध्ये हे साध्या ग्रेडपेक्षा लवकर होतं, कारण तेच क्षार ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की आगीविनाही साखळी तोडायला हातभार लावतं.

सर्वसाधारण नियम १२० अंशांवर चार तास. पण आकडा पॅनेलवर दिसतो, दाणा हॉपरमध्ये असतो. आमच्याच शेडमधली गोष्ट सांगतो. जुलै महिना, मीटरच्या झाकणाचे सलग दोन लॉट चाचणीत गेले. ड्रायरवर १२० दिसत होते. दाणेवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं, त्यानं नवा लॉट पाठवला, तोही गेला. शेवटी हॉपरच्या मधोमध लांब थर्मामीटर खुपसला, तर ९० अंश. ड्रायरचा सेन्सर हीटरच्या तोंडाशी, आणि ब्लोअरचा फिल्टर गच्च भरलेला, त्यामुळे गरम हवा दाण्यापर्यंत पोचतच नव्हती. आमच्या भिंतीला लागून हळद दळायचं युनिट आहे. फिल्टर काढून झटकला तेव्हा जमीन पिवळी झाली. सांगलीत हळदीच्या शेजारी पारदर्शक माल काढायचा असेल तर फिल्टर दर सोमवारी काढायचा, हे तेव्हापासून आमच्या फळ्यावर लिहिलेलं आहे.

तर तपासायचं असं. फिल्टर काढून बघा. हॉपरच्या मधोमध तापमान मोजा. हॉपरचं झाकण घट्ट बसतं का बघा. वाळलेला दाणा मशीनच्या छोट्या हॉपरमध्ये किती वेळ उघडा पडतो ते घड्याळ लावून बघा. पावसाळ्यात अर्ध्या तासात तो पुन्हा ओल धरतो, म्हणून छोटा हॉपर अर्धाच भरा. साधा गरम हवेचा ड्रायर बाहेरचीच हवा आत ओढतो, आणि आपल्याकडे जुलैत त्या हवेचा दवबिंदू २० अंशांच्या वर असतो. डीह्युमिडिफायर ड्रायर हवा उणे ३० अंश दवबिंदूपर्यंत कोरडी करून देतो. वर्षभर पारदर्शक एफआर माल काढणार असाल तर तो घ्यावाच लागतो, यात मला शंका नाही.

ओल ओळखायची स्वस्त युक्ती: काचेच्या दोन पट्ट्या हॉट प्लेटवर साधारण २७० अंशांना तापवा. एका पट्टीवर चार-पाच दाणे ठेवा, दुसरी पट्टी वरून दाबा, दाणे चपटे झाले की उचलून गार करा. आत बुडबुड्यांची रांगोळी दिसली तर दाणा ओला आहे. एखाददुसरा बुडबुडा अडकलेल्या हवेचा असू शकतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, काच तडकते.

दुसरी खूण हवेत मारलेल्या शॉटची. नोझल मागे घेऊन माल हवेत सोडा. दोरीसारखा पडणारा माल फेसाळ असेल तर ओल दाण्यात. हा माल स्वच्छ असेल आणि झाकणावरच रेषा येत असतील, तर दाण्याला दोष देऊ नका. थंड पाण्यामुळे साच्यावर दव धरलंय किंवा कुणीतरी माल साच्यातून सुटावा म्हणून रिलीज स्प्रे मारलाय.

३. री-ग्राइंड

रनर-स्प्रूचा, म्हणजे साच्याच्या वाटांमध्ये गोठून उरलेल्या मालाचा, चुरा परत वापरणं सगळे करतात. पण प्रत्येक फेरीत साखळी थोडी आखूड होते. यूएलची मान्यता असलेल्या दाण्यात वेगळी परवानगी नसेल तर वजनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच चुरा चालतो, तोही त्याच ग्रेडचा. पारदर्शक एफआर मालात मी १० टक्क्यांवर जात नाही. आणि एकदा परत आलेला चुरा दुसऱ्यांदा अजिबात नाही.

एक पोतं फक्त नव्या दाण्यावर चालवून बघा. माल सुधारला तर उत्तर मिळालं. महाग दाणा एक पोतं जातो, पण नापास लॉट यापेक्षा महाग पडतो.

४. भेसळ

धुरकटपणा एकटाच असेल तर इथे या. पीसीचा अपवर्तनांक १.५८५, ॲक्रिलिकचा १.४९. दोन्ही डोळ्यांना काचच, पण एकमेकांत विरघळत नाहीत, आणि अपवर्तनांकांच्या फरकामुळे प्रत्येक बारीक थेंब प्रकाश विखुरतो. चिमूटभर एबीएस, नायलॉन किंवा पांढऱ्या मास्टरबॅचची (रंग किंवा रसायन घट्ट भरलेल्या दाण्याची) धूळ पुरते. नायलॉन तर वर पीसीची साखळीही तोडतं.

ग्राइंडरची पाती, हॉपर लोडरची नळी, ड्रायरच्या तळाचा कोपरा, रिकामी पोती, हे सगळं बघा. आधीचा माल एबीएस किंवा नायलॉन असेल तर थेट एफआर पीसीवर येऊ नका, मध्ये बॅरल साफ करायचं पर्जिंग कंपाउंड किंवा साधं पीसी चालवा. पारदर्शक मालाला ग्राइंडर वेगळाच हवा.

२०१९ च्या महापुरानंतर सांगली शहरातल्या एका गोदामातली भिजलेली पोती धुऊन-वाळवून वापरायचा प्रयत्न एका ओळखीच्यानं केला. पाणी गेलं, गाळ गेला नाही. असा दाणा पारदर्शक मालाला कधीच घेऊ नका.

इथे एक धोक्याची गोष्ट. पीसीच्या बॅरलमध्ये चुकून पीव्हीसी किंवा पीओएम, म्हणजे ॲसिटल, गेलं असेल, डोळे चुरचुरायला लागले, नाकाला झोंबणारा वास आला किंवा नोझलमधून धूर आणि फुसफुस सुरू झाली, तर तपासणी तिथेच थांबवा. हीटर बंद करा, माणसं बाहेर काढा, दारं उघडा. ३०० अंशांना पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड आणि पीओएममधून फॉर्माल्डिहाइड सुटतो, आणि बॅरलमध्ये दाब साठून माल उसळून बाहेर येऊ शकतो. नोझलसमोर उभं राहू नका. मशीन पूर्ण गार झाल्यावर मशीन कंपनीच्या माणसालाच हात लावू द्या.

५. तापमान आणि बॅरलमधला मुक्काम

माल पिवळा येतोय तर इथे. पीसी साधारण २८० ते ३२० अंशांत चालतं, एफआर ग्रेड वरच्या टोकाला नेऊ नका. पण तापमानापेक्षा मुक्काम जास्त घात करतो. शॉटचं वजन बॅरलच्या क्षमतेच्या ३० ते ७० टक्के असावं. आमचं ३५ ग्रॅमचं झाकण एकदा लहान मशीन बंद पडलं म्हणून ३०० ग्रॅमच्या बॅरलवर लावलं, आणि दाणा आत दहा मिनिटांपेक्षा जास्त शिजत राहिला. सेटिंग तेच होतं, माल मात्र पिवळा आणि ठिसूळ.

पॅनेलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) खोबणीत नीट बसलाय का आणि एखादी हीटर पट्टी सतत चालू राहतेय का बघा. लाइट गेली आणि पंधरा मिनिटांत आली नाही, तर परत आल्यावर आतला माल बाहेर काढून टाका, त्याची झाकणं करू नका. रात्री मशीन बंद करताना बॅरल पूर्ण गार करू नका, १६० ते १८० अंशांवर ठेवा. पीसी धातूला चिकटून आकसतं आणि स्क्रूवरचा थर उपसून काढतं, सकाळी काळे ठिपके दिसतात ते तेच.

६. ताण आणि तेल

स्वच्छ माल आठवड्यानं तडकत असेल तर लॅपटॉपची पांढरी स्क्रीन लावा, झाकण तिच्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवत गेलात की रंगांचे पट्टे दिसतील. गेटजवळ किंवा बॉसभोवती पट्टे दाटीनं असतील तिथे ताण गोठलेला आहे. उत्पादन वाढवायला साचा ३० अंशांवर चालवणं हे याचं नेहमीचं कारण. पीसीला साचा ८० ते १०० अंश हवा. हीटर लावलात तर सायकल लांबते, ते मान्य करावंच लागतं.

मग स्क्रूला कटिंग ऑइल लागलंय का, कुणी थिनरनं पुसतंय का, आणि झाकणाला पीव्हीसीची वायर घासतेय का ते बघा. मऊ पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर पीसीत उतरतं आणि ताण असलेल्या जागी तडा पाडतं. ही तक्रार घेऊन दाणेवाल्याकडे जाऊ नका, तिथे उत्तर नाही.

७. एमएफआय (इथून पैसे लागतात)

वरचं सगळं करूनही कापूस पेटत असेल तर नवा दाणा आणि त्याच लॉटचं झाकण, दोन्ही ३०० अंश आणि १.२ किलो वजनावर एमएफआयला द्या, म्हणजे वितळलेला माल दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो ते मोजायला; साखळी तुटली की हा आकडा वाढतो. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेत किंवा कोणत्याही एनएबीएल मान्यतेच्या पॉलिमर प्रयोगशाळेत ही साधी चाचणी आहे. आमचा शेडचा नियम असा: झाकणाचा आकडा दाण्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर साखळी आपल्याकडे तुटलीय, परत दुसऱ्या पायरीवर जा. आकडा जवळपास तोच असेल आणि तरी नापास, तर मान ताठ ठेवून दाणेवाल्याशी बोला.

८. रेसिपी

हे मोल्डरचं काम नाही. तरी दाणेवाला काय सांगतो ते कळावं म्हणून लिहितो, कारण इथेच फसवणूक होते.

‘फॉस्फेट टाकून देतो’ म्हणाला तर विचारा, नरम पडण्याचं तापमान किती खाली येईल? पीसीचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे कडक पीसी ज्यावर नरम पडतं ते तापमान, सुमारे १४७ ते १५० अंश. फॉस्फेट एस्टर टक्क्यांच्या मापात लागतात, ते माल पातळ करतात आणि हा आकडा खाली ओढतात. पारदर्शकता राहते, १२५ अंशांची बॉल प्रेशर जाते. ‘क्षार दुप्पट करतो’ म्हणाला तर धुरकटपणा वाढणार, आणि ओल असेल तर साखळी आणखी लवकर तुटणार. ब्रोमीनवालं पीसी स्वच्छ राहतं, पण प्रमाण जास्त लागतं आणि बरेच ग्राहक ब्रोमीन घेतच नाहीत. साधं मिथाइल सिलिकॉन टाकलं तर त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४०, माल दुधाळ. फिनाइल गट असलेलं सिलिकॉन पीसीशी जुळतं, म्हणून पारदर्शक ग्रेडमध्ये तेच येतं. मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय म्हणजे रेणुसाखळ्यांना फांद्या असलेलं पीसी आणि थोडंसं क्षार. फांद्यांमुळे वितळलेला माल घट्ट राहतो, थेंब तुटत नाही, आणि प्रकाशाला आडवं येणारं काही आत नसतं.

माल युरोपला जात असेल तर आणखी एक. परफ्लुरोब्युटेन सल्फोनिक आम्ल आणि त्याची क्षारं जानेवारी २०२० पासून युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहेत. तिथे पोटॅशियम डायफिनाइलसल्फोन सल्फोनेटसारखं फ्लुरिनमुक्त क्षार विचारा.

स्वतः मास्टरबॅच आणून मशीनवर मिसळू नका. १०० किलोत ८० ग्रॅम हॉपरमध्ये हातानं सारखं पसरत नाही. एका झाकणात दुप्पट जातं, दुसऱ्यात शून्य. शिवाय रेसिपी बदलली की दाण्याची यूएल मान्यता तुमच्या मालाला लागू राहत नाही, आणि हा माल कुणाच्या तरी घरातल्या मीटरवर बसणार आहे.

शेडच्या मागे लायटर लावून बघणंही सोडा. वारा असतो, पट्टीची जाडी वेगळी असते, आणि चाचणीआधी २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास पट्ट्या ठेवायच्या असतात. त्या ज्योतीवरून पास-नापास ठरत नाही, धूर मात्र छातीत जातो.

आठव्या पायरीपर्यंत आलात तर दाणेवाल्याच्या तांत्रिक माणसाला बोलवा, आणि तो येण्याआधी एका पिशवीत हे तयार ठेवा: न उघडलेल्या पोत्यातला अर्धा किलो दाणा, ड्रायरमधून काढून लगेच सीलबंद केलेला अर्धा किलो, हवेत मारलेल्या शॉटचा एक लोंबता तुकडा, त्याच तासातली दहा झाकणं, लॉट नंबर, हॉपरच्या मधोमध मोजलेलं तापमान, आणि दोन्ही एमएफआयचे आकडे.